समुद्राची शेड

वसंत टिपणीस सत्तरी ओलांडली तरी कधी विमानात बसले नव्हते, पण विमान मात्र रोज चालवत होते. पुण्याच्या मुलीने एक दणकट कॉम्प्युटर पाठवला होता, सोबत जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर. त्याला कोणी खेळ म्हटलं तर वसंतरावांना राग यायचा. सकाळचा चहा झाला की ते दादरच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टेबलाशी बसत, जुहूच्या धावपट्टीवरून उडत आणि जेवणाच्या आत कधी अलिबागवरून फिरून, तर कधी नाशिकला उतरून परत येत. उतरताना विमान बहुतेक वेळा आपटायचं. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या आतून विचारायच्या, "अहो, उतरलात की पडलात? काहीही झालं असलं तरी गॅस बंद करा."

वसंतराव मुळात रंगाचे माणूस. तरुणपणी ते लोअर परळच्या एका गिरणीत रंगखात्याच्या लॅबोरेटरीत होते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी तंतोतंत जुळेल अशी शेड बसवून द्यायची, हे त्यांचं काम. ब्याऐंशी साली संप झाला, कामगार बाहेर पडले, पाठोपाठ स्टाफही घरी बसला आणि ती गिरणी पुन्हा कधी धड चालली नाही. मग वसंतरावांनी दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये नोकरी धरली आणि उरलेली सगळी वर्षं बायकांच्या साड्यांना ब्लाउजपीस जुळवून दिले. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. साडी आणि पीस घेऊन ते थेट फुटपाथवर उन्हात जायचे, गिऱ्हाईक मागोमाग. त्यांनी दिलेला पीस परत आला असं सहसा झालं नाही.

त्यांच्याकडे वरळी कोळीवाड्याची कौसल्या मासे घेऊन यायची. साठीला टेकलेली, आवाज खणखणीत. वसंतराव गिरणीत असताना कौसल्याची आई गिरणीच्या गेटवर सुकी मासळी विकायला बसायची, हे दोघांना बोलता बोलता कळलं होतं. "संपात आमची आय भरली पाटी घेऊन जायची नि भरलीच परत आणायची," कौसल्या म्हणाली होती. "आमी पोरं सा म्हैने सुकटच खाल्ली." तेव्हापासून ती वसंतरावांना भाऊ आणि सरोजिनीबाईंना वैनी म्हणायला लागली. जिने चढून दमली की पाटी दाराबाहेर ठेवून आत येऊन टेकायची.

एकदा तिने तो कॉम्प्युटरचा पडदा पाहिला.

"भाऊ, ह्याच्यात माझं घर दिसंल?"

वसंतरावांनी विमान वरळीवरून नेलं. किल्ला दिसला, सी लिंक दिसला, कोळीवाड्याच्या जागी तपकिरी छपरांचा एक गिचमिडा दिसला. घर काही सापडलं नाही. पण कौसल्याचं लक्ष घराकडे नव्हतंच. किल्ल्याच्या चहूबाजूंनी समुद्र पसरला होता, पैठणीसारखा मोरपंखी. ऊन पडलेलं, लाटांवर चांदी.

"अगो माय!" ती म्हणाली. "किती गो झ्याक!"

त्यानंतर ती आली की हातावर पाणी घेऊन आधी पडद्यापुढे बसायची. वसंतराव विमान वळवून तिच्यासाठी एक फेरी मारायचे. ती नुसती बघायची.

वसंतरावांच्या डोळ्यांना मात्र तो मोरपंखी खुपायला लागला. विमानाची बटणं खरी, ढग खरे, धावपट्टीवरच्या टायरच्या खुणासुद्धा खऱ्या; आणि समुद्र असा? मुंबईचा समुद्र त्यांनी जन्मभर पाहिला होता. त्यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की ह्या सिम्युलेटरचे रंग बदलता येतात. जमिनीची, पाण्याची, आकाशाची चित्रं फाइलींमध्ये ठेवलेली असतात, ती काढून आपली घालता येतात. झालं. ते रोज दादर चौपाटीवर जायला लागले. सकाळी, भर दुपारी, भरतीला, ओहोटीला. बरोबर कापडाच्या चिंध्या असायच्या, त्या पाण्यासमोर धरून बघायच्या. भेळवाले त्यांना ओळखायला लागले.

बऱ्याच खटपटीनंतर शेड बसली. दुधाचा चहा निवल्यावर दिसतो तसं पाणी, त्यात किंचित शेवाळी झाक. आकाश फिकट, क्षितिजाजवळ धुरकट. सी लिंकच्या तारा निम्म्या धुक्यात.

"सरू, बघ," त्यांनी हाक मारली. "आता ही खरी मुंबई."

सरोजिनीबाईंनी पाहिलं. "हुबेहूब आहे हो," त्या म्हणाल्या. "खिडकीतून बघतोय असं वाटतं." आत वळता वळता त्या पुढे म्हणाल्या, "मग खिडकीतूनच का नाही बघायचं?"

दुसऱ्या दिवशी कौसल्या आली. बसली. पडद्याकडे वाकली.

"भाऊ, ह्यो काय केलाव? समुंदर खय गेला?"

"हाच तो. खरा रंग दिलाय त्याला."

"खरा माझ्या घरामागं हाय की! रोज बघतंय, त्याच्या वासासकट. त्यो बघाया मी तीन जिने चढतंय?"

"अगं, पण पहिला खोटा होता. असा निळा समुद्र आपल्याकडे नसतो."

"कोन सांगलं तुमाला? तुमी कंदी खोल पान्यात गेलाव?"

"चौपाटीवर महिनाभर उभा होतो मी."

"चौपाटीवर गुडघाभर पानी!" कौसल्या उठली. "माझा बापूस सांगायचा, लांब गेलं का पानी निळं होतं. मी गेले नाय. बायकांना कोन नेतंय होडीत? म्हनून हितं बघत होते."

ती गेली. पुढच्या खेपेला ती दारातूनच मासे देऊन गेली. त्याच्या पुढच्या खेपेलाही. "चहा?" विचारलं तर "घाई हाय" म्हणाली. शिवाय पाटीतली चांगली पापलेटं आता खालच्या मजल्यावर संपू लागली आणि टिपणिसांच्या वाट्याला बांगडे यायला लागले.

"तुमच्या शेडपायी बांगडे खातोय आपण," सरोजिनीबाई म्हणाल्या. "करून टाका पुन्हा निळा."

"मी चुकीची शेड देणार नाही," वसंतराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी विमान उडवलं नाही. पडद्यापुढची रिकामी खुर्ची त्यांना बरी वाटत नव्हती.

डिसेंबरात कौसल्या आपण होऊन आत आली. खुर्चीवर न बसता उभीच राहिली. तिच्या भाचीने ऑफिसातला मालवणचा मुलगा पसंत केला होता आणि लग्न मुलाकडे होतं. बाकीचे बसने निघणार होते, पण कौसल्याची कंबर दुखते म्हणून लेकाने तिचं विमानाचं तिकीट काढलं होतं, मालवणजवळच्या चिपीच्या नव्या विमानतळापर्यंतचं.

"मना भ्या वाटतं, भाऊ," ती म्हणाली. "एकटी कशी जाऊ? तुमाला विमानातलं सगलं ठावं. तुमी नि वैनी चला. लगनाचं बोलावनंच हाय समजा."

वसंतरावांनी घसा साफ केला. सगळं ठाऊक होतं, ही गोष्ट खरी होती. सरोजिनीबाई मध्येच म्हणाल्या, "येतो आम्ही. मला मालवण बघायचंच आहे. आणि कौसल्या, घाबरू नकोस. विमान हे चालवणार नाहीयेत."

विमान लहान होतं, पंख्यांचं. पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचं सगळं स्वच्छ दिसणार होतं. डावीकडची खिडकी कौसल्याला दिली, तिच्या शेजारी वसंतराव, पलीकडच्या रांगेत सरोजिनीबाई. धावपट्टीकडे जाताना वसंतराव कौसल्याला समजावत होते, आता पंखाची मागची पट्टी खाली येईल, आता आवाज वाढेल. आवाज वाढला, पाठीला कोणीतरी जोराने ढकलल्यासारखं झालं आणि वसंतरावांचं बोलणं जागच्या जागी थांबलं. टेबलाशी बसून पाठीला असा धक्का कधी बसला नव्हता. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांच्या हातावर कौसल्याने आपला हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा खाली समुद्र होता. निवलेल्या चहाचा.

"बघ!" वसंतराव ओरडलेच. "बघ कौसल्या, हीच शेड! अगदी हीच!"

विमान डावीकडे कललं. सी लिंक दिसला, त्याच्या टोकाशी एक काळपट ठिपका.

"किल्ला!" कौसल्या म्हणाली. "भाऊ, आमचा किल्ला! त्याच्या बाजूला आमचा वाडा!" तिने काचेला बोट लावलं. मागच्या रांगेतला माणूससुद्धा वाकून बघू लागला.

मग सगळंच पुसलं गेलं. ना खालचं पाणी, ना वरचं आकाश, नुसती मळकट पांढरी साय. वसंतराव पुढे झुकून पाहू लागले. आपण दिलेला धूर त्यांना गडद वाटत होता, पण हा तर त्याहून दाट होता, आणि ह्याला शेडच नव्हती. असा रंग कुठल्या चिंधीत सापडणार? साय एकदम खाली राहिली. वर आकाश होतं, आणि ते इतकं निळं होतं की मुलीने पाठवलेल्या सिम्युलेटरलासुद्धा तेवढं धाडस झालं नव्हतं.

किनारा डावीकडे ठेवून विमान समुद्रावरून दक्षिणेला निघालं. धुरकटपणा विरळ होत गेला. खाड्यांच्या तोंडाशी मातकट पाणी पंख्यासारखं पसरलेलं होतं, त्याच्या कडेला हिरवं, आणि त्याच्याही अलीकडे, विमानाच्या खाली, जिथे होड्या खसखशीएवढ्या दिसत होत्या, तिथे निळं. तीनही पाणी एकमेकांत शिरलेली. कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते वसंतरावांना सांगता येईना.

कौसल्या खिडकीला नाक लावून बसली होती. "बापूस खोटं नव्हता बोलत," ती हळूच म्हणाली. "त्यो हितवर यायचा. घरी यायचा त्यो ह्यो बघून यायचा." तिने पदराने डोळे टिपले आणि लगेच हसली. "भाऊ, मोरपंखी हाय का नाय?"

"मोरपंखी नाही," वसंतराव म्हणाले. "नाव नाही गं मला येत ह्या रंगाला."

"मंग निळाच म्हना."

"बरं. निळा."

पलीकडून सरोजिनीबाई म्हणाल्या, "दिवाळीपासून एवढंच म्हणा म्हणत होते मी."

विमान मालवणच्या बाजूला खाली येऊ लागलं तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी इतकं नितळ झालं की तळाची वाळू दिसली आणि वाळूवर होडीची सावली. मग एकाएकी खाली लाल जमीन आली, वाळल्या गवताने सोनेरी झालेली, मधूनच जांभ्या दगडाची काळी टेकाडं. त्या लालची वसंतरावांनी कल्पनाच केली नव्हती. ते पाण्याच्या नादात राहिले होते. चाकं अलगद टेकली. वसंतरावांना ते कळलंसुद्धा नाही, सरोजिनीबाईंनीच टाळी वाजवून सांगितलं.

लग्नात वसंतराव दोन्ही पंगतींना जेवले. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाच्या काकाने सगळ्यांना होडीतून फिरवलं. कौसल्या पुढे नाळेशी बसली होती, एक हात पाण्यात, आणि वसंतराव तिला सारखे विचारत होते, "इथे किती खोल असेल? आणि इथे?"

"मना काय ठावं?" ती म्हणाली. "मी बी पहिल्यांदाच आलंय!"

मुंबईला आल्यावर वसंतरावांनी सगळ्या फाइली नव्याने केल्या. कौसल्या बाजूला बसून सांगायची, आणि दोघांचं एकमत झालं नाही तर सरोजिनीबाई निकाल द्यायच्या. वरळीला चहा राहिला, कौसल्याने तो कुरकुरत मान्य केला. पुढे हिरवं, लांब निळं. चिपीच्या लाल मातीला सगळ्यात जास्त दिवस लागले.

मुलीने ते सगळं इंटरनेटवर चढवून दिलं, ज्यांना हवं त्यांनी फुकट घ्यावं म्हणून. कोण कुठले लोक घ्यायला लागले. नॉर्वेच्या एका माणसाने लिहिलं, काम मेहनतीचं आहे, पण रंग अवास्तव आहेत. एकाच किनाऱ्याला एवढे समुद्र नसतात, आणि जमीन इतकी लाल तर नसतेच.

वसंतरावांनी त्याला लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. कौसल्याने विचारलं, काय म्हणतो तो? सरोजिनीबाईंनी भाषांतर करून सांगितलं.

"त्याला लिवा," कौसल्या म्हणाली, "डिसेंबरात ये. डावीकडची खिडकी घे."

वसंतरावांनी आपलं उत्तर खोडलं आणि तेवढंच लिहिलं.