ट्रेलरवरची मारुती

सुदर्शननं तार ओढणाऱ्या विंचाचा दांडा फिरवायला घेतला तशी पांढरी मारुती चेपलेलं नाक वर करून फळ्यांवरून ट्रेलरवर चढू लागली. मंजुषा बाजूला उभी राहून बघत होती. तिचे वडील बद्रीनाथ, म्हणजे अण्णा, गाडीतच बसले होते. एका हातानं स्टिअरिंग धरून, खिडकीतून मान बाहेर काढून त्यांचे हुकूम चालले होते.

"हळू रे बाबा! डाव्या अंगाची फळी सरकली बघ!"

डाव्या अंगाची फळी जिथल्या तिथं होती. सुदर्शननं मंजुषाकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली.

मंजुषा शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची, राहायला मुकुंदवाडीला. आई गेल्यापासून अण्णा कन्नडजवळच्या मळ्यात एकटेच होते. वर्षभरापूर्वी तिनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, तेव्हा काचबिंदू निघाला. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, कडेचं सगळं गेलंय, गाडी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. अण्णांनी मान डोलावली, दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि त्याच गाडीत बसून तिला घरी सोडून कन्नडला गेले. पुढं तिनं जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा एकच उत्तर, "या रस्त्यावरचा दगड न् दगड मला ठावा हाय. तू तुझं रक्त तपास."

मग मागच्या आठवड्यात मळ्याच्या वाटेवर त्यांनी मल्हारीच्या दोन मेंढ्या चिरडल्या आणि गाडी बाभळीवर घातली. मल्हारी धनगर. सुगी झाली की त्याचा मेंढवाडा दरवर्षी त्यांच्या रानात बसायचा. अण्णांनी मेंढ्यांची भरपाई जागेवर दिली आणि विषय मिटला असं ठरवून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी मल्हारीनं मंजुषाला फोन लावला.

"ताई, मेंढरांची तक्रार नाय. अण्णांनी दिलं, माझं भरलं. पण माझी अक्षदा डाव्या अंगाला हुबी होती. गाडी तिच्या ओढणीला घासून गेली. लेकरू दोन दिस बोललं नाय. आन् अण्णांना अजून ठावं नाय, ती तिथं होती म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"त्यांच्या तोंडावर कसं सांगू, ताई? त्यांच्या रानात बसतो आम्ही."

मंजुषानंही सांगितलं नाही. तिनं सोपी वाट धरली. रेडिएटर फुटलाय, शहरात चांगला मेकॅनिक आहे, ट्रेलरवरून गाडी नेऊ, असं अण्णांना पटवलं. आणि इकडं पडेगावच्या एका जुन्या गाड्या भंगारात कापायला घेणाऱ्याशी सौदा पक्का केला. एकदा गाडी त्याच्या आवारात उतरली की मागाहून अण्णांची सही कशी घ्यायची ते बघता येईल, असा तिचा हिशोब. मुकुंदवाडीतच सुदर्शन आपला पिकअप आणि मागचा ट्रेलर भाड्यानं द्यायचा. त्याला तिनं आधीच बजावलं होतं, "अण्णांसमोर पडेगावचं नाव काढू नका."

सुदर्शननं कान खाजवला होता. "ताई, माझं काम गाडी न्यायचं. बाकी तुमचं तुम्ही बघा. फक्त वाटेत भांडण नको. ट्रेलरवर गाडी असली की आपला जीव मुठीत असतो."

चारही चाकांना पट्टे आवळून झाले. अण्णांनी गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, दार लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात घातली. मंजुषाला वाटलं, आता हात हलवून निरोप देतील. ते थेट पिकअपच्या केबिनमध्ये चढून मधल्या जागेवर बसले.

"अण्णा, तुम्ही कशाला? दिवसभराची दगदग."

"गाडी माझी. मेकॅनिकला मी सांगीन काय झालंय ते. तू काय सांगणार?"

मंजुषाचा सगळा बेत फसणार होता. पण आता नको म्हणावं तर संशय येणार. ती गपचूप त्यांच्या शेजारी, दाराकडच्या जागेवर बसली.

हतनूर मागं पडेपर्यंत अण्णा गुणगुणत होते. मग त्यांनी विचारलं, "कुठं हाय गॅरेज?"

"क्रांती चौकाजवळ."

"नाव काय मेकॅनिकचं?"

"पुंडलिक," ती बोलून गेली. तिच्या ओळखीत पुंडलिक नावाचा कुणीही नव्हता.

"चांगला हाय का हाताला?"

"चांगला आहे म्हणतात."

सुदर्शन रस्त्यावरची नजर हलवत नव्हता. 

"रेडिएटर बसला की झालं," अण्णा म्हणाले. "दिवाळीला मीच येतो गाडी घेऊन तुझ्याकडं. तुझी आई असती तर फराळाचे डबे मागच्या सीटवर लावले असते." ते स्वतःशीच हसले. मंजुषानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. आरशात मागची मारुती दिसत होती, खड्ड्याखड्ड्याला मान हलवत येणारी. 

वेरूळ सोडून पिकअप घाटाला लागला. दुसऱ्या वळणावर मागून फटफट आवाज येऊ लागला. सुदर्शननं आरशात बघितलं, शिवी गिळली आणि रस्त्याच्या कडेला, जिथं एक बाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसली होती, तिथं गाडी दाबली.

"पट्टा सुटला वाटतं. ताई, जरा उतरा, टॉर्चसारखा मोबाईल धरायला लागेल खाली."

"माझ्या मोबाईलला टॉर्च नीट नाही."

"मग नुसते दगड तरी लावा चाकाखाली."

ती उतरली. मोबाईल केबिनमध्ये डॅशबोर्डवरच राहिला. तिनं ट्रेलरच्या चाकांमागं दगड सरकवले. सुदर्शन खाली वाकून बघत होता. मागचे दोन्ही पट्टे ढिले पडले होते. त्यानं ते पूर्ण सोडले, पीळ काढून पुन्हा ओवायला घेतले. पुढच्या चाकांचे पट्टेही त्याला पटेनात, म्हणून तेही सोडले. आता चढावर उभ्या त्या गाडीला विंचाची तार, गिअर आणि हँडब्रेक एवढाच आधार होता. मागं उतार, आणि उतारावरून येणाऱ्या गाड्या.

तेवढ्यात अण्णा केबिनमधून उतरले. लघवीला चाललेत असं मंजुषाला वाटलं. पण ते तिच्या समोरून, तिच्याकडं न बघता गेले, ट्रेलरच्या कडेवर पाय देऊन चढले, मारुतीचं दार उघडलं आणि आत बसले. दार धाडकन् बंद झालं. बटणं खाली गेली.

"अण्णा?"

त्यांनी काच चार बोटं खाली केली. चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुझा फोन वाजला म्हणून मी उचलला. पडेगावचा माणूस इचारतो, मॅडम, सौद्याची गाडी किती वाजता आणताय."

मंजुषानं ट्रेलरची कड धरली.

"पुंडलिक हाय का कुणी?"

"अण्णा, ऐका..."

"हाय का?"

"नाही."

काच वर गेली. आणि पुढच्या क्षणी इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि सुरू झालं. रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, तरी ते जुनं इंजिन घरघरत पेटलं.

सुदर्शन ओरडतच उठला. "काका! बंद करा! पट्टे सोडलेत सगळे!"

अण्णांनी त्याच्या बाजूची काच जराशी उतरवली. "फळ्या लाव. मला गाडी उतरवायचीय. मी घरी चाललो."

"नाय लावणार! येडे झालात का? मागं घाट हाय!"

"मग बिगर फळ्यांची उतरवतो."

रिव्हर्स गिअर कर्रकन् पडला. इंजिनानं जोर केला तशी विंचाची तार ताणून शिटीसारखी वाजली. अख्खा ट्रेलर मागं कलला आणि पिकअपचं मागचं अंग कुरकुरत उचललं गेलं. मंजुषानं लावलेला एक दगड चाकाखालून निसटून उताराला गडगडत गेला. सीताफळवाली बाई पाटी टाकून लांब पळाली. खालच्या वळणावरून चढणारी एसटी हॉर्न देत थांबली.

"तार तुटली तर मान जाईल कुणाची तरी!" सुदर्शन ड्रायव्हरच्या काचेवर हात आपटत होता. "काका, पाया पडतो!"

मंजुषाला काही सुचेना. ती फिरून डाव्या बाजूला गेली, ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढली आणि डावीकडच्या काचेवर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. "अण्णा! अण्णा, मी सांगते सगळं! बंद करा आधी!" इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. काचेपलीकडं, हातभर अंतरावर, अण्णांचा चेहरा होता. कपाळावर घाम. डोळे मधल्या आरशावर खिळलेले. ते वळत नव्हते. तिला वाटलं, रागानं वळत नाहीत.

मग त्यांनी क्लच दाबला. इंजिनाचा जोर उतरला. ते सुदर्शनकडं तोंड करून ओरडले, "मंजू कुठंय?"

सुदर्शननं काचेवरचा हात मागं घेतला.

"अरे, मंजू कुठं गेली? मागं हाय का ती? आरशात दिसत नाय मला. तिला आधी बाजूला घे! ती दिसल्याबिगर मी गाडी सोडणार नाय!"

मंजुषाचे हात काचेवर तसेच राहिले. इतका वेळ ती तिथं होती. थापा मारत होती. तिचा पिवळा ड्रेस, तिचं तोंड, सगळं त्या काचेवर चिकटलेलं होतं.

सुदर्शननं त्यांच्या डोक्यावरून पलीकडं, तिच्याकडं पाहिलं. त्याचा ओरडायचा आवाज एकदम खाली आला.

"काका, त्या तुमच्या डाव्या हाताला हायेत. मघापासून."

अण्णांनी मान वळवली. आधी समोरची काच, मग डॅशबोर्ड, मग शेजारची रिकामी सीट. मान पूर्ण वळली तेव्हा कुठं त्यांची नजर तिच्यावर आली. ते दचकले.  मग त्यांनी हात पुढं केला आणि किल्ली फिरवली.

घाटात एकदम शांतता झाली. बॉनेटमधून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. सुदर्शन खाली बसला आणि पट्टे ओवू लागला. चारही चाकं आवळून होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. एसटी बाजूनं निघून गेली. ड्रायव्हर जाता जाता काहीतरी बोलला, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

अण्णांनी डावीकडचं बटण वर केलं. मंजुषा दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. 

"खोटं का बोललीस?" ते म्हणाले.

"खरं सांगून बघितलं होतं. वर्षभर."

त्यांनी हँडब्रेक पुन्हा ओढला.

"अण्णा, मेंढ्या चिरडल्या त्या दिवशी तिथं मल्हारीची अक्षदा होती. रस्त्याच्या डाव्या बाजूला. तिच्या ओढणीला घासून गेली गाडी."

"नाय. तिथं कुणी नव्हतं. नुसती मेंढरं..." त्यांचं वाक्य तिथंच थांबलं. ते समोरच्या काचेतून पिकअपच्या पाठीकडं बघत राहिले. त्यांचा अंगठा स्टिअरिंगवर मागंपुढं फिरत होता.

"मल्हारी बोलला नाय मला."

"तुमच्या तोंडावर कोण बोलणार?"

"लई मोठा झालो मग मी," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोरीला लागलं तर नाय?"

"नाही. घाबरली होती. दोन दिवस बोलली नाही."

सुदर्शननं काचेवर टकटक केली. "काका, उतरा आता. माणूस आत ठेवून मी ट्रेलर हलवणार नाय. अन् तिसऱ्या वळणाला पोलीस असतात."

अण्णा उतरले. उतरताना त्यांचा पाय ट्रेलरच्या कडेवर नीट पडला नाही. सुदर्शननं दंड धरला, तर त्यांनी तो झटकला नाही. खाली आल्यावर त्यांनी सदरा सारखा केला आणि सुदर्शनला विचारलं, "तुझ्या माहितीत हाय का कुणी मेकॅनिक? खरा?"

"हाय ना. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत."

"तिकडं घे."

"अण्णा..." मंजुषाला वाटलं, दुरुस्त करून ते पुन्हा चालवणार.

"मोडकी इकणार नाय मी," ते तिच्याकडं पूर्ण वळून म्हणाले. "रेडिएटर बसवायचा, नाक सरळ करायचं, धुवायची. मग गिऱ्हाईक बघायचं. चालवणारं गिऱ्हाईक, कापणारं नाय. सही मी करीन. त्या पडेगाववाल्याला कळव, यायची नाय म्हणावं."

तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. पडेगाववाला चिडला, नाही नाही ते बोलला. ती ऐकून घेत राहिली.

पुढं खुलताबाद, मग दौलताबादचा उतार. वेशीच्या अरुंद दरवाज्यात पर्यटकांच्या गाड्या अडकल्या होत्या आणि सुदर्शनला ट्रेलर इंच इंच सरकवावा लागला. एरवी अण्णांनी खिडकीतून मान काढून सगळ्या वाहतुकीला शिस्त लावली असती. आज ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. 

गॅरेजमध्ये मात्र त्यांना वाचा फुटली. मेकॅनिक चेपलेलं बॉनेट उघडायला गेला तर त्यांनी त्याचा हात धरून आधी कुठली खटकी दाबायची ते दाखवलं. बेल्ट कधी बदलला, कुठल्या स्क्रूचा आटा गेलेला आहे, सगळं सांगितलं. गाडी घाटात पाण्याविना चालवली हेही सांगितलं, लपवलं नाही. मग खिशातली किल्ली काढून मेकॅनिकच्या तळहातावर ठेवली. मंजुषाकडं दिली नाही.

"आज माझ्याकडं राहा," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

"जनावरांला वैरण कोण टाकील? एसटीनं जातो."

"मी येते सोबत."

"तू तुझ्या कामावर जा."

तरी ती रिक्षात बसून बसस्थानकापर्यंत गेली. तिथं ते तिच्या पुढं पुढं चालत होते. फलाटावरची पाटी त्यांना वाचता येईना, तर त्यांनी शेजारच्या एका परक्या माणसाला विचारलं, "कन्नड कुठं लागते हो?" तिला विचारलं नाही. ती चार पावलं मागं थांबली. त्यांचा राग रास्त होता असं तिला वाटत होतं. आपण चुकलो असं मात्र वाटत नव्हतं. दोन्ही एकदम कसं असू शकतं, ते तिला कळत नव्हतं.

गाडी लागली. अण्णांना खिडकीजवळ जागा मिळाली. मंजुषा जाऊन खिडकीखाली उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा त्यांनी मान खाली करून तिला शोधलं.

"रविवारी ये," ते म्हणाले. "मल्हारीच्या मेंढवाड्यावर जायचंय मला. पोरीला भेटायचं हाय. एकट्यानं जायला बरं वाटत नाय."

"येते."

"आन् खोटं बोलून येऊ नकोस."

एसटी फलाटावरून मागं सरली, वळली आणि गर्दीतून बाहेर पडली. मंजुषा तिथल्याच बाकावर बसली. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं.