रस्ता आल्यावर

“एल्ड्रिजने त्यापेक्षा शवपेटी घ्यायची होती, ती तरी वापरात आली असती!” क्रेनने मला बोटीतून धक्क्यावर उतरवलं, तेव्हा गर्दीत कुणीतरी पुटपुटलं. माझ्या कानांसाठी नव्हतं ते. पण ऐकू आलं.

मी त्याची लाल मोटार बोलतेय. सेंट लॉरेन्स आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या गावात मी आले, तेव्हा एल्ड्रिजचं नुकतंच लग्न झालं होतं. थेल्माही माझ्यासारखीच नवी, माझ्यासारखीच गप्प. ज्याची चित्रं कॅलेंडरवर छापतात तो पश्चिमेकडचा हमरस्ता दोन वर्षांत इथवर पोचणार, असं मंत्र्यांनी सांगितलं होतं. तोवर गावात एवढाच काय तो रस्ता: धक्का ते विमानाची धावपट्टी, धावपट्टी ते धक्का. रविवारी आम्ही फिरायला जायचो, म्हणजे जाऊन परत यायचो.

मोजणीवाले खडकांत खुंट्या ठोकून गुलाबी फिती बांधून गेले. पुढल्या निवडणुकीला नव्या फिती आल्या. गावाला ‘कधीच नाही’साठी नवा शब्द मिळाला.

“काय रे, माझं जाळं कधी परत देतोस?”

“रस्ता आल्यावर!”

सगळे खो खो हसायचे. एल्ड्रिज तेवढा हसायचा नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे दरवाजे खाल्ले, तरी तो मला पुसत राहिला.

मागच्या वर्षी थेल्माला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आम्ही धावपट्टी गाठली. तिला दवाखान्यात न्यायला आलेलं विमान वर घिरट्या घालत होतं, धुक्यात उतरेना. “आता फाटेल गं धुकं,” तो म्हणत राहिला. विमान परत गेलं. मूल माझ्या मागच्या सीटवर जन्मलं. रडलं नाही.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. आठवड्याची बोट आज सुटतेय. थेल्मा पिशवी घेऊन माझ्यात येऊन बसली.

“धक्क्यावर सोड मला. बाळंत होईपर्यंत बहिणीकडे राहते, तिथे दवाखाना आहे.”

“अगं, काल रेडिओवर सांगितलं, या उन्हाळ्यात काम सुरू होणार. जरा कळ काढ.”

“काढल्या की मागच्या वर्षी.”

त्याने किल्ली काढून खिशात घातली. बोटीचा भोंगा झाला.

इथे रहदारी नाही, म्हणून मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. थेल्माने हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि मी बोलले. घराघरांतून माणसं बाहेर येईपर्यंत, धक्क्यावरचा खलाशी दोर सोडता सोडता थांबेपर्यंत बोलले:

“एल्ड्रिज, मी गंजले, मला राहू दे. हिला जाऊ दे.”