लिंबावर उभ्या सायकली

देवानंद बायकापोरांसह कॅनडाला निघाला, त्याच्या आदल्या दिवशी त्याच्या बापाने, मनिरामने, नातवंडांसाठी गोंदियाहून दोन सायकली आणल्या. "सायकली घरी राहिल्या त पोट्टे वापस येतीन," म्हातारा ठासून म्हणाला. नव्या गाडीची रीत म्हणून सकाळी पूजा करून चाकांखाली लिंबं ठेवली. पण विक्की आणि पाच वर्षांची टीना सीटवर बसायच्या आतच नागपूरची टॅक्सी दारापुढच्या तळ्याकाठी हॉर्न वाजवू लागली. लिंबं फुटायची राहिली.

ज्याची गाडी, त्यानंच लिंबू फोडायचं. मनिरामने सायकलींना कुणाला हात लावू दिला नाही. दर दसऱ्याला वाळलेली लिंबं काढून तो ताजी ठेवायचा.

सातव्या दसऱ्याला तो संध्याकाळी सोनं वाटून घरी आला, तर टीनाच्या सायकलीखालचं लिंबू चिरडलेलं. चाक रसानं ओलं. सायकलीचं कुलूप मात्र जसंच्या तसं, आणि चावी त्याच्याच खिशात.

त्याने कॅनडाला फोन लावला.

"टीना, तुझी सायकल..."

"कोणती सायकल, आबाजी?" बारा वर्षांची टीना तिकडून हसली.

मनिरामने फोन ठेवला. तेवढ्यात मागे, रिकाम्या अंगणात, घंटी वाजली.

वळूनही न बघता तो हळूच म्हणाला, "ब्रेक मार वो बेटी, समोर तळं आहे."