भोंग्याचा लय ऑफ

सन एकोणीसशे शहाण्णव. वैशाख महिना. साताऱ्यात डांबर वितळत होतं आणि गावोगाव लग्नाच्या पंगती उठत होत्या. त्या दिवसांत मला नोकरीवरून काढलं.

मी भोंगा बोलतोय. हळू बोलायची सवय नाही. कानाला त्रास झाला तर जरा लांब बसा.

माझा जन्म सांगलीतल्या एका फौंड्रीतला. बिडाचं अंग, पोटात लोखंडी चक्र, बाजूला हँडल. मी विजेवर चालणारा नव्हे, माणसाच्या दंडावर चालणारा. हँडल फिरवलं की आधी कण्हतो, मग विव्हळतो, मग ओरडतो. शाळा शिकलो नाही. एकच अक्षर येतं, तेही लांबवून. त्या एका अक्षरावर साताऱ्यातला एक अख्खा कारखाना कामाला लागायचा आणि कामावरून सुटायचा. मी ओरडल्याशिवाय कोणी डब्याचं झाकण उघडत नसे. साहेबसुद्धा.

मला फिरवायला जोतीराम होता. उंब्रजच्या अलीकडच्या एका गावचा. कारखान्यात तो हेल्पर. झाडू म्हटलं की झाडू, पेट्या म्हटलं की पेट्या. पण त्याचा खरा मान माझ्या हँडलचा. हात लावण्याआधी तो मला नमस्कार करायचा. मी असल्या गोष्टींना भुलत नाही. पण बरं वाटायचं.

कारखाना पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करायचा. ते कोणी घेईनासं झालं. मग सुमंत साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलवू लागले. आत जाताना माणूस ताठ असे, बाहेर येताना वाकलेला. मी खिडकीलगतच्या खांबावर होतो. सगळं ऐकू यायचं.

जोतीरामची पाळी आली.

"जोतीराम, मागणीच नाही. तुम्हाला ले-ऑफ द्यावा लागतोय."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्यात सुट्टीच्या दिवसाला 'ऑफ' म्हणत. जोतीरामला ऑफ फार कमी, कारण मला फिरवायला दुसरं कोणी धजत नसे. आणि आमच्या मुलखात पुष्कळ म्हणायचं असलं की 'लय' म्हणतात.

"लय ऑफ?" जोतीरामचे डोळे मोठे झाले.

"हो. ले-ऑफ."

"लय म्हंजे किती, साहेब?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. पुढे कळवू."

"साहेब, तुमचं लय उपकार झालं!" असं म्हणून जोतीरामनं वाकून पाय धरले.

सुमंत साहेबांनी चष्मा काढून पुसला. दिवसभर लोक रडत, शिव्या देत गेले होते. पाया पडणारा हा पहिलाच. चष्मा परत लावून त्यांनी विचारलं, "आणखी काही हवंय का तुम्हाला?"

"भोंगा कोन फिरवनार?"

"विजेचा बसवतोय. हा भंगारात जाईल."

"भंगारात कशापायी? मी नेतो की घरी."

"न्या."

अशी माझी बोळवण झाली. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही.

एसटीत कंडक्टरनं मला पायानं ढोसलं. "हे काय हाय?"

"भोंगा."

"वाजतोय का?"

"वाजवू?"

"नको रं बाबा. लगेज काढ."

आयुष्यात पहिल्यांदा माझं तिकीट निघालं. जोतीरामच्या मांडीवर कंदी पेढ्यांचा मोठा पुडा होता. साताऱ्याच्या स्टँडवर घेतलेला. एवढा ऑफ मिळाला म्हणजे आनंद वाटायला नको का?

त्याची बायको बनुबाई दारातच होती. हाडानं काटक, आवाजानं माझ्या खालोखाल. तिनं ऐकलं आणि पदर खोचला. "आवं, मग घरटी वाटूया! गावात आजवर कुनाला लय ऑफ मिळालाय?"

दोघांनी घरटी पेढा वाटला. वाटतावाटता चावडीपाशी आले. तिथं आप्पासो बसले होते. पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ. गावात इंग्रजीचा अर्थ लागला नाही की लोक त्यांच्याकडं जात. शेजारच्या रंगुबाई पाण्याची घागर टेकवून उभ्या होत्या. जोतीरामनं मला खांद्यावर तसंच मिरवत आणलं होतं, म्हणून हे मी समक्ष पाहिलं.

आप्पासोंनी पेढा तोंडात टाकला. "कशाचा रं?"

"लय ऑफ मिळाला, आप्पासो."

आप्पासो चावायचे थांबले. "साहेब काय म्हनला? त्येच्या तोंडचा शब्द सांग."

"ले-ऑफ."

"लय का ले?"

"ले. शिकल्यालं हाय त्ये, बोबडं बोलतंय."

आप्पासोंनी पेढा गिळला. "जोत्या, पलटणीत लाईट ऑफ म्हंजे दिवा बंद. ले-ऑफ म्हंजे तू बंद. नोकरी गेली तुझी, गड्या."

रंगुबाईंच्या गालात पेढा होता, तो तसाच गालात राहिला. "अगं बया! मग आमी ह्ये नोकरी गेल्याचं पेढं खाल्लं व्हय?"

बनुबाईनं रिकाम्या पुड्याकडं पाहिलं. जोतीरामनं मला खाली ठेवलं. त्याचा हात माझ्या हँडलवर टेकला. माझ्या अंगातलं चक्र जरा हललं.

आप्पासो उठले. "गिळला गेला, आता भायेर काडता येत न्हाई. पन बिनकारणाचा पेढा आमच्या घराण्यात कुनी खाल्ल्याला न्हाई. जोत्या, ह्या पेढ्याचं कारण तू देणं लागतोस."

"देतो, आप्पासो," जोतीराम म्हणाला. "दिल्याबिगार चावडीची पायरी चढणार न्हाई."

तेव्हापासून त्याच्या डोक्यावर हे कर्ज बसलं. वाणी उधारी विचारत नाही इतक्या वेळा माणसं कारण विचारू लागली. विहिरीवर, ओढ्याला, देवळात. "जोतीराम, कारण आलं का रं?" "भावजी, आमच्या घरचं दोन पेढ्यांचं कारण बाकी हाय बरं का." माणसं वाईट नव्हती. पण गावाला चघळायला पेढ्यापेक्षा चेष्टा जास्त दिवस पुरते.

जोतीरामनं कारण शोधण्यात कसूर केली नाही. म्हैस व्याली. तो धावत दारात आला. रंगुबाईंनी डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. "रेडा झालाय. रेड्याला कोन पेढं वाटतंय?" भाचा मॅट्रिकला बसला होता. त्याचा निकाल आला. त्या निकालाबद्दल मी बोलणार नाही. कारखान्याकडून बोलावणं येतंय का पाहायला तो एकदा साताऱ्यालाही गेला. परत येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "बोलावणं न्हाई. इजेचा बसवलाय तुज्या जागी. कोंबडीच्या पिलावानी वरडतोय." मला दुःख झालं नाही. थोडं समाधान झालं.

माझं काय झालं ते सांगतो. मला माळ्यावर टाकलं आणि बनुबाईनं माझ्या तोंडात कांदे भरले. ज्या तोंडानं कारखाना हलवला त्या तोंडात कांदे. मी तक्रार केली नाही. काही कांद्यांना कोंब फुटले, तेवढाच माझा निषेध.

जोतीरामची अवस्था माझ्याहून वाईट. सकाळी खाकी कपडे घालून ओट्यावर बसायचा. जेवणाची वेळ झाली तरी ताटावर येत नसे. भोंगा झाल्याशिवाय त्याला भूक लागत नव्हती. बनुबाईनं पितळी बडवून बघितली. तो म्हणाला, "ह्यो आवाज आपल्या कंपनीचा न्हाई." आणि दुपार झाली की त्याचा उजवा हात आपोआप गोल फिरायचा. हवेतच. बनुबाई पाहत राहायची. मग तिनं त्या हातात जात्याचा खुंटा दिला. "फिरवायचंच हाय तर डाळ तरी भरडा." त्या साली आमच्या घराइतकी डाळ गावात कुणी भरडली नसेल.

दिवाळी झाली. जोतीराम चावडीकडं फिरकला नाही. लोकांची तोंडं चुकवायला तो दिवस दिवस आपल्या उसात जाऊन बसू लागला. बनुबाई शेजारणीला म्हणाली, "मानूस उसात लपतोय. ऊस तुटला की कुटं लपनार?" ती हे हसून म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही. मी वरून पाहत होतो.

मग मार्गशीर्ष आला. उसाला पाणी हवं होतं आणि लाईटीचा नेम नव्हता. आली तर आली, गेली की गेली. आमच्या गावाची गोची अशी की पंप नदीला, माणसं शिवारात आणि बल्ब घरात. बल्ब पेटलेला बायकांना दिसायचा. त्या शिवारात पळत जायच्या. पुरुष तिथून नदीला पळायचे. तोवर बल्ब विझायचा. रोज अर्धं गाव पळायचं आणि ऊस कोरडाच.

लाईट दोन-तीन दिवस आलीच नव्हती. एका सकाळी बनुबाई भाकरी थापत होती आणि डोक्यावरचा बल्ब पेटला. ती परसात पळाली. "आवंऽऽ! लाईट आलीऽऽ!" जोतीराम उसात होता. त्यानं ऐकलं असेल, पण कोणीतरी कारण विचारतंय असं वाटून तो आणखी आत सरकला.

बनुबाई घरात आली. तिनं वर पाहिलं. मीही खाली पाहिलं. तिनं मला माळ्यावरून ओढलं, उलटं केलं, कांदे घरभर सांडले. मग मला ओट्यावर ठेवून पिठाच्या हातांनी हँडल धरलं.

मी कण्हलो. मी विव्हळलो. आणि वैशाखापासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

कोंबड्या छपरावर गेल्या. रंगुबाईंची घागर सुटली. आप्पासो आपल्या शेताच्या बांधावर मिशांना पीळ देत उभे होते. त्यांनी लढाईत विमानं पाहिलेली. ते ओरडले, "हल्लाऽऽ! झोपा समदी!" आणि स्वतः धोतरासकट पाटात पालथे पडले. दोन्ही हात डोक्यावर.

आणि जोतीराम? उसातून तीरासारखा सुटला. अंगाला पाचटीचे ओरखडे, टोपी गायब. थेट ओट्यासमोर येऊन ताठ उभा राहिला. हजेरीला. "आलो!" म्हणाला.

"माझ्यापुढं काय हुबं ऱ्हाताय?" बनुबाई हँडल फिरवतच ओरडली. "पंपावर जावा! लाईट आलीया!"

तो पळाला. शिवारातले बाकीचेही पळाले, कारण एवढा आवाज झाला म्हणजे काहीतरी आलं असणार आणि गावात लाईटीशिवाय दुसरं काही येत नसे. त्या दिवशी सगळे पंप चालू झाले. पाणी पाटानं धावलं. आप्पासोंचा पाटही भरला. हल्ला संपल्याची खात्री नसल्यामुळं ते पाणी अंगावरून जाऊ देत तसेच पडून राहिले. शेवटी त्यांच्या थोरल्यानं त्यांना हाताला धरून उठवलं.

तेव्हापासून लाईट आली की जोतीराम मला फिरवू लागला. कांदे टोपलीत गेले. दुपारी तो हातपाय धुऊन वेळेवर ताटावर बसू लागला. गावाचा ऊस हिरवा झाला. मग एके दिवशी चावडीवर माणसं जमली. जोतीराम पायरीखाली उभा, मी त्याच्या खांद्यावर. ठरलं असं: जोतीरामनं बल्बवर नजर ठेवायची आणि भोंगा द्यायचा. सुताराला, न्हाव्याला जसं बलुतं, तसं भोंग्याचं बलुतं. सुगीला घरटी पायली धान्य.

"सगळ्यांना मंजूर?" एकानं विचारलं.

पाटातलं पडसं अजून गेलं नव्हतं; अंगावर घोंगडी घेतलेले आप्पासो शिंकत उभे राहिले. "माझी हरकत हाय. उद्या खरा हल्ला झाला तर लोक पंपावर जातील."

यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं की लाईट आली तर एक भोंगा आणि विमानं आली तर दोन. आप्पासो बसले. ठराव झाला.

रंगुबाईंनी तोंडावर पदर धरला. "भावजी, झालं की कारण! चढा आता पायरी."

जोतीराम चढला नाही. म्हणाला, "ज्यानं मागितलं त्येला आदी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून, मला घेऊन तो आप्पासोंच्या दारात गेला. मागं बनुबाई. आप्पासो उन्हाला बसून काढा पीत होते.

"आप्पासो, त्या पेढ्याचं कारण आणलंय."

"बोल."

"गावानं मला भोंग्यावर नेमलंय."

"ते मला ठावं हाय. हंगामी का कायम?"

"कायम."

"ऑफ?"

"एक बी न्हाई."

आप्पासोंनी बनुबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोणासमोर मान हलवत नाही.

मग त्यांनी काढ्याचा पेला खाली ठेवला आणि ओल्या मिशा पुसल्या.

"फिटलं," ते म्हणाले.