हळदीची कॅसेट

उद्धवरावांच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये गाडीच्या कंपनीनेच बसवून दिलेला टेप होता, आणि त्या टेपात वर्षानुवर्षं एकच कॅसेट वाजत आली. विनोदिनीची आई गेली तेव्हा विनोदिनी तीन वर्षांची. आईचा चेहरा तिला फोटोतून माहीत, आवाज या कॅसेटमधून. वांकिडीच्या कुमुदमावशीच्या हळदीत आईने विहिणीला चिडवणारी गाणी म्हटली होती, ती कोणीतरी भरून घेतलेली. भारी, संथ आवाज. शेवटी ती हसायची, तेही अगदी सावकाश. तेलुगू मुलखातल्या मावला गावाहून शाळेत सोडताना बाबा रोज ती लावत, आणि आपली आई कधी घाई न करणारी बाई होती, हे विनोदिनीने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. परीक्षेत पेपर हातात पडला की ती त्याच संथ सुरात स्वतःला समजावायची.

दहावीत गेल्यावर मात्र पोरीला वाचा फुटली! तेलुगूत भाषण ठोकून बक्षीस आणलं आणि त्याच तोऱ्यात घरी हट्ट धरला.

"बाबा, आई दाराआडून बोलल्यावानी वाटते. स्पीकर बदला नं!"

"कंपनीचे हायेत ते, पोरी."

"कंपनीले काय ठाऊक, आत कोन गाऊन राह्यलं?"

उद्धवराव हसले आणि हरले.

बसस्टँडमागच्या टेपवाल्या फकिराभाऊने आधी दारांत नवे स्पीकर बसवले. त्या दिवशी आईच्या बांगड्या ऐकू आल्या! विनोदिनी सीटवरच उड्या मारायला लागली. काही महिन्यांनी सीटखाली ॲम्प्लिफायर आला, मागे स्पीकरचा मोठा खोका आला, आणि ढोलकी थेट पोटात घुमली. मागून कोणी बाई "जोरात म्हन वं" म्हणाली, तेसुद्धा कळलं.

"आता ही गाडी वरातीत लावा, बँडवाल्याची गरज नाही," फकिराभाऊ चिडवायचा. पण स्पीकर सुधारले तशी टेपाची खरखरही मोठी झाली. "टेप बदला, मंग पाहा मजा," तो म्हणाला.

दिवाळीला कुमुदमावशी येणार होती. तिला चकित करायचं विनोदिनीने ठरवूनच टाकलं. मावशी बसमधून उतरली तशी दोघं बापलेक तिला थेट दुकानावर घेऊन आली. व्हॅनमध्ये नवा टेप नुकताच बसला होता. फकिराभाऊने कॅसेट आत ढकलली.

कोणी बारीक, चुणचुणीत आवाजाची बाई भरभर गायला लागली.

"ही कोन?" विनोदिनी म्हणाली. "फकिराभाऊ, तुमचा टेप पळून राह्यला. नीट करा!"

त्याने आपली एक कॅसेट घालून पाहिली. ती बरोबर वाजली.

"टेप ठीक हाय, बेटी. तुमच्या जुन्या टेपातला कॅसेट फिरवनारा पट्टा ढिला झाल्ता. सालोसाल हळू फिरत गेला असंन. तुमच्या कानाले सवय झाली."

हा थापा मारतो असं मावशीने सांगावं, म्हणून विनोदिनी मागे वळली. मावशीने तोंडाला पदर लावला होता.

"परत लाव रे भाऊ," ती म्हणाली. "माही ताई! अवं विनू, अशीच फडफड बोले ते. श्वास घ्याले थांबे नाही. भाऊजी, आठवते काय?"

उद्धवराव टेपाकडे वाकले. आईचं शेवटचं हसू आलं. आखूड, खोडकर, आलं आणि संपलं. आताच कोणी चिडवल्यासारखे बाबा खुदकन हसले आणि मग त्यांनी चष्मा काढला. बाबांना असं हसताना विनोदिनीने कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचं बोट कॅसेट मागे फिरवायच्या बटणावर गेलं.

निघताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले नाही आवडलं नं? जुना परत बसवू काय?"

जुना टेप तिथेच काउंटरवर पडला होता. "हो" तिच्या अगदी जिभेवर आलं. पण ती संथ बाई आता ढिल्या पट्ट्याची झाली होती, आणि बाबांचं बोट अजून बटणावरून निघालं नव्हतं.

"काऊन? राहू द्या," ती म्हणाली. "लावा तुमी. परत लावा."

रस्त्याने मावशी ताईच्या बरोबरीने गाऊ लागली, बाबा स्टीअरिंगवर ताल धरू लागले. मागच्या सीटवर बसलेल्या विनोदिनीला शब्दन्‌शब्द पाठ होता. तिनेही तोंड उघडलं. पण तिला यायचं ते सगळं संथ. दर ओळीला ती मागे पडत गेली, आणि मावल्याच्या वळणावर तिने गाणं सोडून दिलं.