सरकती टेकडी

आरशाची ती काच घासून सपाट करण्यात कारखान्यातल्या घासणीच्या काकांचे चाळीस दिवस गेले होते. आज चारच्या आत ती मोजणीत उतरली नाही, तर पुढचे चाळीसही जाणार होते. तसं झालं तर नोकरीच सोडीन, असं त्यांनी सकाळीच सगळ्यांना ऐकवलं होतं. आणि निकाल द्यायचा होता मोजणीच्या ताईंना.

ताईंनी प्रकाशाचे दोन झोत सोडले, एक उभ्या कंपनांचा, दुसरा आडव्या कंपनांचा. एक या काचेवरून परत आला, दुसरा खात्रीच्या सपाट काचेवरून. दोघांना एका गाळणीतून एकत्र आणलं की पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. काच सपाट असेल तर ते सरळ दिसतात. हे मधोमध वाकले होते.

“काका, टेकडी आहे. ऐंशी नॅनोमीटर.”

“म्हणजे केवढी?”

“केसाच्या जाडीचा हजारावा भाग.”

“आणि तिला टेकडी म्हणता? मुंगीलासुद्धा ठेच लागायची नाही!”

काकांनी काच काढली, दिव्याखाली उलटसुलट पाहिली, पुसून परत ठेवली. ताईंनी पुन्हा मोजलं. टेकडी डावीकडे सरकली होती.

“यंत्र झिंगलंय तुमचं,” काका म्हणाले आणि काच परत पुसून आले.

आता टेकडी पार कडेला. ताईंनी चित्र मोठं केलं. चार लांबट उंचवटे, बाजूला एक आखूड जाडसर. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग काकांच्या पंजाकडे.

“काका, काचेला हात लावता?”

“छे! फडकं असतं मध्ये. जरा थोपटतो, इतकंच. चाळीस दिवस सोबत होती, तशीच कोरडी सोडू?”

“तुमची माया ऐंशी नॅनोमीटर भरलीय. हाताच्या उबेनं काच फुगते. तासभर लांब राहा.”

पाच मिनिटांत काका काचेपाशी घुटमळू लागले. ताईंनी पाण्याचे दोन पेले काठोकाठ भरले, त्यांच्या दोन्ही हातांत दिले आणि त्यांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं.

चाराला दहा कमी असताना पट्टे विंचरल्यासारखे सरळ उमटले.

“उतरली, काका!”

पेले खाली आदळले, काका दोन्ही हात पसरून धावले. ताई यंत्रापुढे आडव्या उभ्या राहिल्या आणि तिथूनच वाकून त्यांनी अहवालात लिहिलं: उंचसखलपणा आठ नॅनोमीटर, काका वगळून.