मासा पायाशी होता

केदार मला मासे धरायला शिकवत होता. मला! हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या शनिवारी जे काही झालं ते तिथूनच सुरू झालं.

"मनगट नाही हलवायचं यार. सगळं कोपरापासून. रिदम पाहिजे." छातीपर्यंत रबरी पँट चढवून तो मस्कनेटकाँग नदीत गुडघाभर उभा होता आणि रॉडनं लांबलचक दोरी हवेत फटकारत होता. दोरीच्या टोकाला पिसांची नकली माशी. पाच महिने इंटरनेटवर वाचून आणि व्हिडिओ कॅसेट बघून गडी तयार झालेला.

२००३ सालचा एप्रिल. आठवडाभर पाऊस कोसळला होता. आम्ही राहायचो त्या पिस्कॅटवेहून तासाभरावरची ही नदी एरवी खालचे गोटे मोजता येतील इतकी स्वच्छ असते म्हणे. त्या दिवशी जास्त दुधाच्या चहासारखी दिसत होती. मधल्या धारेतून फांद्या चालल्या होत्या, एक प्लास्टिकची खुर्ची गेली. आणि हा शहाणा माशी फेकत होता बरोबर त्या धारेत, जिथं मासा काय, म्हैस टिकली नसती.

मी काठावर बसून गवत उपटत होतो.

केदार माझा रूममेट. मूळ पुण्याचा. त्याची चुलत बहीण मृणालिनी इकडं परदेशातच, शॉमबर्गला वाढलेली, इथं युनिव्हर्सिटीत शिकायला आली, आणि आमचं जमलं. उद्या रविवारी तिचे वडील, दिगंबर काका, मला बघायला विमानानं येणार होते. केदारनंच त्यांना फोनवर सांगितलं होतं, "मुलगा एकदम आपल्यातला आहे."

आपल्यातला! मी एकनाथ भिलवडीकर. आमचं मूळ आडनाव भोई. कृष्णेच्या काठाला पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसं आम्ही. मी कॉलेजला जाताना वडिलांनी गॅझेटमध्ये जाहिरात देऊन आडनाव बदललं, गावाचं नाव लावलं. पोराला त्रास नको म्हणून. केदारनं मला जात कधी विचारली नाही. आडनावातलं 'कर' ऐकलं, माझा रंग बघितला, बोलणं ऐकलं आणि स्वतःच ठरवून टाकली. मी दोन वर्षं ती ठरवू दिली. गणपतीत आरतीचं ताट माझ्या हातात दिलं की मी गप घ्यायचो. चूक त्याची, पण त्या चुकीत आरामात राहिलो मी.

मृणालिनीला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. गुरुवारी कॅन्टीनमध्ये ती म्हणाली, "बाबा यायच्या आधी तू सांगायचंस. त्यांना आणि केदारला. मी तुझ्या वतीनं नाही सांगणार."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर एअरपोर्टवर येऊच नकोस. आय मीन इट, एकनाथ. आयुष्यभर मी हे लपवत बसणार नाही."

म्हणजे माझ्या हातात आजचाच दिवस होता. आणि आज हा बाबा मला रिदम शिकवत होता.

"आज मासेच नाहीयेत," केदार वैतागून म्हणाला. "पाणी फार हाय आहे. सगळे वाहून गेले असणार."

"मासा पुरात वाहून जात नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग कुठं जातो? टेरेसवर?"

"तू उभा आहेस तिथं."

तो हसला. मी उठलो. त्याला दंडाला धरून काठावर ओढला. एक कुजलेला ओंडका उलटा केला, खाली हवी तेवढी गांडुळं. त्याच्या जादा रॉडची माशी काढून साधा गळ बांधला, वर दोन शिशाचे मणी दाबले.

"वर्म? धिस इज चीटिंग यार!"

"गप बस जरा."

काठालगत एक मोठा धोंडा होता. त्याच्यामागं पाणी थकल्यासारखं गोल फिरत होतं. पुरात माशालाही दम लागतो. तो काठाला येतो, आडोसा धरतो. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गळ पायापासून दोन हातांवर सोडला. शिसं तळाला टेकलं, सरकलं, अडलं. मी झटका दिला. हातभर लांबीचा ट्राउट काठावर येऊन उड्या मारायला लागला. पाचेक मिनिटांत दुसरा.

केदारचं तोंड उघडंच. "तुला कसं माहीत हे?"

इंटरनेट म्हणालो असतो तर सुटलो असतो. शब्द ओठावर आलाही होता.

"आमचा धंदा आहे तो," मी म्हटलं. "मी भोई आहे, केदार."

तो हसला. मग माझ्याकडं बघून थांबला.

"मृणालिनीला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"हे बघ, मी असलं काही मानत नाही," तो म्हणाला. दोरी गुंडाळायला लागला. बरंच गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "पण काकांना सांगायची काय गरज आहे? भिलवडीकर आहेच की आडनाव. कोण खोदून बघतंय? लग्न होऊ दे, मग बघू."

त्यानं या लग्नाला नाही म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण हा माझ्यावर उपकार करत होता! डोकं सणकलं माझं. मी खिशातला चाकू काढला, तिथंच बसून दोन्ही मासे फाडले, अंगठ्यानं आतडी काढली, आई काढायची तशी, आणि पुराच्या पाण्यात धुतले.

"सोडून द्यायचे असतात रे ते! कॅच अँड रिलीज."

"खाण्याच्या वस्तूशी खेळत नाही आम्ही."

"गाडीत वास येईल."

"येऊ दे."

परत पाऊस सुरू झाला होता. केदारनं गाडी सुरू केली आणि चारही काचा खाली केल्या. मासे माझ्या पायाशी पिशवीत, पाऊस माझ्या मांडीवर. हायवे जवळ आला तशी फोनवर सिग्नलची एक कांडी उगवली. मी शॉमबर्गचा नंबर लावला.

"एकनाथ, वेडेपणा करू नकोस," केदार म्हणाला.

"हॅलो! बोला, बोला जावईबापू!" काका खुशीत होते. "तिकडं पाऊस आहे म्हणे?"

"आहे. काका, विमानात बसायच्या आधी एक ऐका. माझं आडनाव भोई होतं. वडिलांनी बदललं. ते कृष्णेवर मासे धरायचे. मीही आत्ता धरूनच येतोय. उद्या तुमच्या पानाशेजारी बसून तेच खाणार आहे. चालत असेल तर या."

मी फोन पावसापासून दुसऱ्या कानाला घेतला.

"मृणालिनीला माहीत आहे?" काकांनी विचारलं. अगदी केदारसारखंच.

"तिनंच सांगायला लावलं."

"तिच्याशी बोलतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

माझी पँट चिंब झाली होती.

"काचा वर कर," मी म्हटलं.

"वास येतोय रे."

"माहीत आहे मला. वर कर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पण बटण दाबलं. चारही काचा वर गेल्या.